आदल्या दिवशी झाडाला सांगावं लागतं

हा माणूस झाडाला अहो म्हणायचा आणि साहेबाला अरे. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर दुपारच्या आत गेटबाहेर गेला असता. ह्याला कुणी काढला नाही, कारण ह्याच्यासारखी झाडं दुसऱ्या कुणाला राखता येत नव्हती, आणि कंपनीच्या हापिसात तेव्हा कुंड्यांचं फार खूळ होतं.

मी त्या हापिसात शिपाई होतो. त्याआधी धरमतरच्या खाडीला बापाबरोबर मिठागरात. मिठागर बंद पडलं तेव्हा कंत्राटदाराच्या हाताखाली कंपनीत लागलो. टेबलं पुसायची, चहा फिरवायचा. हा माळी रोज रोह्याहून यायचा. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. सगळे त्याला बुवा म्हणायचे. देवाधर्माचा बुवा नव्हे. विडी ओढायचा, शिव्या द्यायचा आणि माणसांशी कामापुरतं बोलायचा. सकाळी आला की आधी सगळ्या कुंड्यांपुढून फिरायचा. "काय, बरं हाय ना? रात्री एसी लय लावला काय ह्यांनी?" मधे एखादा साहेब उभा असला तर त्याला खांबासारखा वळसा घालून पुढच्या कुंडीकडं.

त्याची छाटणीची कात्री धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली असायची, सोबत स्पिरिटची बाटली. एका झाडाचं झालं की पातं पुसल्याशिवाय दुसऱ्याला लावायचा नाही. म्हणायचा, "न्हाव्याचा वस्तरा आणि माझी कात्री. एकाचं दुसऱ्याला लागलं की दोघं बोंबलले." आणखी एक म्हणायचा. "कापताना हात थरथरला तर जखम वाकडी व्हते, आणि वाकडी जखम लवकर भरत नाय." त्याचा हात कधी थरथरला नाही. मी बघितलाय.

पण त्याची खरी खोड वेगळीच होती. कापायच्या आदल्या दिवशी तो झाडाला सांगायचा. कुंडीत चिमूटभर तांदूळ टाकायचा आणि म्हणायचा, "उद्या सकाळी येतो. दोन फांद्या जातील. मनाची तयारी ठेवा." आमच्या गावात घरासाठी झाड तोडायचं असलं की जुनी माणसं हे करत. माझ्या बापानंही आंबा तोडताना केलेलं. पण कुंडीतल्या झाडाला, एसीत, फरशीवर, असं सांगणारा मी हा एकच बघितला.

हापिसात शिरल्या शिरल्या डाव्या हाताला एक उंच झाड होतं. पानं सागाएवढी मोठी, कमरेत आवळलेली, तेल लावल्यासारखी चकचकीत. एकदा वरच्या हापिसातले पाहुणे येणार होते. साहेबानं सांगितलं, "जरा गोल करून ठेव रे त्याला."

"गोल फुटबॉल असतो," बुवा म्हणाला.

त्यानं झाडाला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी वरचा हातभर शेंडा उडवला. बाजूच्या फांद्याही उडवल्या. राहिला एक दांडा आणि चार पानं. साहेब आला आणि जागच्या जागी थांबला.

"अरे, हे काय केलंस? टक्कल केलंस त्याचं!"

बुवानं साहेबाच्या डोक्याकडं नीट बघून घेतलं. म्हणाला, "ह्यांचं परत येईल, साहेबा. घाबरू नको."

सगळं हापिस कागदात तोंड घालून हसलं. बुवाला दोन महिने बाहेर गवत कापायला घातला.  जाता-येता काचेतून त्या दांड्याला हात करायचा, बस. दोन महिन्यांनी दांडा तीन बाजूंनी फुटला, आणि असा फुटला की बाहेरून येणारा माणूस आधी झाड बघायचा, मग साहेबाची पाटी. साहेब मला हळूच म्हणाला, "त्याला आत बोलाव." मी उन्हात गेलो, निरोप दिला.

बुवा गवतातून उठलासुद्धा नाही. "सांग त्याला, आज गवताला सांगितलंय कापतो म्हणून. उद्या येतो."

पुढं वय झालं, आम्ही दोघं काम सुटून घरी बसलो आणि भेटणं राहिलं. मला तो आठवायचं कारण माझ्या घरातलं झाड.

माझी बायको गेली त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. छातीत दुखतंय म्हणाली, पेणच्या दवाखान्यात पोचेपर्यंत गेली. ह्याच्यावर जास्त लिहीत नाही.

घरात तिचं एक झाड राहिलं. खरं तर ते सुनेनं आणलं होतं, लग्नानंतर वर्षभरानं, हायवेवरच्या नर्सरीतून. तेव्हा गुडघ्याएवढं होतं. हापिसात होतं त्याच जातीचं. बायको म्हणाली, "घरात झाड? उद्या म्हैस बांधशील काय गो?"  मग एकदा झाडताना एक पान मोडलं आणि देठातून पांढरा चीक आला. बायकोनं तो बोटावर घेतला, चोळला, आणि म्हणाली, "हा तर उंबर हाय!"

सून म्हणाली, "आई, हे शोभेचं झाड हाय. बाहेरच्या देशातलं."

"बाहेरच्या देशात गेला तरी उंबर तो उंबरच."

त्या दिवसापासून झाड तिचं झालं. दर गुरुवारी कुंडीला हळदकुंकू. रोज तांदूळ धुतलेलं पाणी. मोठी मोठी पानं ओल्या फडक्यानं एकेक करून पुसायची, मग माझा चहा थांबला तरी चालेल. आणि घरादाराला ताकीद, "माझ्या उंबराला विळा लावायचा नाय. उंबर तोडत नसतात."

ती गेली तेव्हा झाड स्लॅबला टेकायला आलं होतं. मग टेकलं. शेंडा छताखाली वाकडा झाला. खालची पानं गळाली, नुसता काळा दांडा दिसायला लागला. मी रोज तांब्याभर पाणी घालत होतो. एक दिवस चुकवला नाही. नळाला पाणी दोन दिवसांआड येतं, ते पिण्याला लागतं, म्हणून झाडाला आमच्या बोअरचं. तरी राहिलेली पानं कडेनं करपत चालली. कुंडीच्या काठावर पांढरं काहीतरी धरायचं. बुरशी असेल म्हणून मी ते पुसून काढायचो.

एक दिवस सून म्हणाली, "बाबा, हे आता अंगणात ठेवूया का? घरात बघवत नाय."

मी तिच्यावर ओरडलो. नको ते बोललो. मुलगा डोलवीला शिफ्टला गेलेला, घरात आम्ही दोघंच, दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. माझ्या डोक्यात एकच बसलं होतं. हे झाड गेलं तर बायको दुसऱ्यांदा गेली, आणि ह्या वेळेला माझ्या हातानं.

तिसऱ्या दिवशी मी पेणहून गाडी धरली आणि रोह्याला गेलो.

नदीच्या अंगाला दोन खोल्यांत बुवा राहत होता. वाळला होता. उजवा हात लेंग्याच्या खिशात, डाव्या हातानं विडी. घरात बघितलं तर एक कुंडी नाही, दारात तुळससुद्धा नाही.

"बुवा, तुमच्या घरात एक झाड नाय?"

"न्हावी घरात केस साठवतो काय? काम बोल."

मी सगळं सांगितलं. पानं पडतात म्हणालो.

"पडतात ते कळलं. पिवळी व्हऊन पडतात का करपून? खालची आधी का वरची? देठ ओला असतो का सुका?"

मला सांगता येईना. दोन वर्षं रोज त्या झाडासमोर खुर्ची टाकून बसत होतो.

"म्हणजे तू झाड बघत नव्हतास," बुवा म्हणाला. "जा. बघून ये."

चहासुद्धा विचारला नाही. मी गाडीत बसून शिव्या देत परत आलो. पण घरी येऊन खुर्ची जवळ ओढली आणि पहिल्यांदा एकेक पान हातात धरून बघितलं. दुसऱ्या दिवशी पडलेली पानं पिशवीत घालून पुन्हा रोह्याला.

बुवानं पान उजेडात धरलं, करपलेली कड अंगठ्यानं चोळली. "पाणी कुठलं?"

"बोअरचं."

"गाव खाडीला ना तुझं?"

"व्हय."

त्यानं टोपी उचलली. "चल."

घरी आल्यावर त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. कुंडीतल्या मातीला डाव्या हाताचं बोट लावलं, जिभेवर ठेवलं आणि दारातून बाहेर थुंकला. सुनेनं पदर तोंडाला लावला. मला म्हणाला, "आता तू चाख."

"मी?"

"मिठागरात व्हतास ना? चाख."

मी चाखली. लहानपणी बाप मला कोंडीतलं पाणी चाखायला लावायचा, मीठ धरायला किती दिवस लागतील ते जिभेवर ठरायचं. माझी जीभ कधी चुकली नाही. आणि इथं घरात, डोळ्यांसमोर, कुंडीच्या काठावर दोन वर्षं मीठ पिकत होतं आणि मी ते बुरशी म्हणून पुसत होतो. बायको तांदूळ धुवायची ते नळाचं गोडं पाणी. मी घातलं ते खाडीचं. मी खाली बसलो.

"कुंडीत मिठागर काढलंस रे," बुवा म्हणाला. "परवाना घेतलास काय?"

सून हसली. आधी दाबून, मग दाबेना. बायको गेल्यापासून त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं. मलाही हसू आलं आणि त्याच्याबरोबर दुसरंही आलं, ते मी बाहीला पुसलं.

मग आम्ही कुंडी ओढत अंगणात नेली. सुनेनं पिण्याच्या पाण्याचे हंडे आणून ओतले, एक, दोन, तीन. खालच्या भोकातून पाणी वाहत राहिलं. बुवा खुर्चीवर बसून हुकूम सोडत होता, हात खिशात. अधूनमधून खालचं पाणी चाखायचा आणि म्हणायचा, "अजून." चौथ्या हंड्याला म्हणाला, "आता पुरे."

मला वाटलं, झालं. पण तो झाडाकडं वर बघत राहिला.

"मुळं अर्धी जळलीत. एवढी उंची त्यांना पोसवणार नाय. छातीएवढं ठेवून वरचं काढावं लागेल."

"नाय," मी म्हणालो.

"का?"

"बायकोनं सांगितलंय. विळा लावायचा नाय. उंबर तोडत नसतात."

मला वाटलं हा काहीतरी वाकडं बोलणार, आणि मी त्याला हाकलणार. पण त्यानं विडी काढली, पेटवली नाही.

"बरोबर बोलली ती," म्हणाला. "उंबर तोडत नाय. पण त्या मोठ्या वादळात आपल्याकडचे उंबर किती मोडले, तू बघितलंस? गागोद्याच्या वाटेला एक व्हता, अर्ध्यातनं पिळून पडला. लोक म्हणाले, गेला. आता जाऊन बघ. सावलीला दहा गुरं बसतात. तोडणं वेगळं, हलकं करणं वेगळं. ती असती तर तिला मी हेच सांगितलं असतं, आणि तिनं ऐकलं असतं. तिला पाणी कुठलं घालायचं ते कळत व्हतं."

"तिचा हात लागलाय त्या पानांना, बुवा."

"कुठल्या पानांना?"

मी वर बोट केलं.

"ती वरची? ती तिच्या मागनं आलीत. पानाचं आयुष्य केवढं असतं? तिनं पुसलेली पानं खाली व्हती. ती गळाली. ती तूच झाडून बाहेर टाकलीस."

मला ते असं लागलं की क्षणभर त्याच्या अंगावर जावंसं वाटलं. सून आत निघून गेली. बुवा मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "पानं गेली. मूळ हाय. तिनं घातलेलं पाणी मुळानं प्यालंय. आता तिचं मूळ जगवायचं का आपला शेंडा मिरवायचा, ते तू ठरव. मी तर आज कापतच नाय. आज सांगायचं."

सुनेकडून चिमूटभर तांदूळ मागून घेतले, डाव्या हातानं मातीवर टाकले. टोपी काढली. "अहो, ऐका. उद्या सकाळी नऊ वाजता. छातीच्या उंचीवर. एकच घाव. हा कापील."

"कोण, मी?"

"मग काय मी? झाड कुणाचं?"

सांगणं झालं म्हणजे मुक्काम आला. सुनेनं तांदळाची भाकरी आणि सुकट केली. बुवा तीन भाकऱ्या खाऊन उठला आणि म्हणाला, "मीठ बरोबर हाय गो. सासऱ्याला पण शिकव."

सकाळी नऊला मी कात्री हातात घेतली. फडकं तेच होतं, स्पिरिटचा वास तोच. मी म्हणालो, "बुवा, मला जमायचं नाय. तुम्ही करा. तुमच्यासारखा हात..."

त्यानं खिशातला उजवा हात बाहेर काढला आणि माझ्यापुढं धरला. हात थरथरत होता. वाऱ्यावरच्या पानासारखा नाही, बंद न होणाऱ्या पंपासारखा, सारखा. चार वर्षं झाली म्हणाला. घरात झाड का नाही ते मला तेव्हा कळलं. राखता आलं असतं, कापता आलं नसतं.

"झाडाला नऊ सांगितलंय," तो म्हणाला. "ह्यांना थांबवू नको."

त्यानं डाव्या हाताच्या बोटानं जागा दाखवली, फांदी फुटते त्या डोळ्याच्या वर बोटभर. सुनेनं शेंडा धरला. मी मनात बायकोला जे सांगायचं ते सांगितलं आणि कात्री दाबली. लाकूड कच्च्या शेवग्यासारखं कटकन तुटलं. चीक आला, पांढरा शुभ्र, धारेनं दांड्यावरून खाली. सून म्हणाली, "अगो बाय!" बुवा म्हणाला, "रडूं दे. चीक येतो म्हणजे जिवंत हाय." ओल्या फडक्यानं मी ते पुसत राहिलो. कापताना माझा हात हलला नाही. 

जाताना बुवानं दोन गोष्टी सांगितल्या. बोअरचं पाणी थेंबभर नको, आणि माझी खुर्ची असते तिथं खिडकीत कुंडी ठेवायची, पडदा उघडा ठेवून. "तू उजेड अडवून बसतोस," म्हणाला.

कुंडी खिडकीत गेली. खुर्ची कुठं ठेवायची ते सुचेना, शेवटी ओटीवर ठेवली. आणि आम्ही वाट बघायला लागलो.

शिमगा नुकताच झाला होता. सुनेनं कापलेला शेंडा पाण्याच्या बरणीत ठेवला होता, मुळं फुटतील म्हणून. बारा दिवसांनी तो सडला. इकडं दांड्यावर राहिलेली दोन पानंही पडली. आता खिडकीत छातीएवढी एक काठी उभी, आणि मी तिला गोडं पाणी घालतोय. शेजारी ओटीवर येऊन बसायचे, आत डोकावून म्हणायचे, "काठीला पाणी घालता काय हो?" मी रोह्याला फोन लावायचो.

"बुवा, काय नाय."

"आज बघितलंस?"

"व्हय."

"मग उद्या बघू नको."

तरी मी बघायचो. एकदा नखानं साल जरा खरवडून बघितली, आत हिरवं होतं. ते मी बुवाला सांगितलं नाही, शिव्या दिल्या असत्या. सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "मी पण काल बघितलं खरवडून." दोघांच्या दोन खुणा होत्या दांड्यावर.

महिना उलटला. ऊन तापलं. एका सकाळी मी ओटीवर दात घासत होतो. सून आतून ओरडली, "बाबा! इकडं या, बाबा, लवकर!" मी तोंडात राखुंडी तशीच घेऊन धावलो. घावाच्या खाली, एका डोळ्यातून तांबूस टोक बाहेर आलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. आणि पलीकडच्या बाजूला वळून बघितलं तर आणखी एक. सून कुंडीशी खाली बसली होती आणि डोळे पुसत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. अंगणात ठेवूया म्हणाली होती तेव्हा जे बोललो होतो, त्याची माफी मागायची राहिली होती. ती त्या दिवशी मागितली. ती म्हणाली, "राहू दे ओ बाबा. तोंड धुवा आधी."

मी रोह्याला फोन लावला.

"किती फुटले?" बुवानं विचारलं.

"दोन."

"कुठं कुठं?"

"एक खिडकीकडं. एक भिंतीकडं."

"भिंतीकडचा काढून टाक. उजेड नाय तिथं, वाकडा वाढेल. एकाला जोर मिळूं दे."

माळी म्हणून तो बरोबर बोलत असणार. त्यानं आयुष्यभर हेच केलं. पण मी म्हणालो, "नाय काढणार."

"काय?"

"नाय काढणार, बुवा. दोन आलेत, दोन राहतील."

 पलीकडं तो हसला. इतक्या वर्षांत मी त्याला हसताना ऐकलं नव्हतं, विडीचा खोकला आणि हसू एकात एक. "मग फिरवत बस कुंडी," म्हणाला. "दर आठवड्याला एक वीत. दोघांना सारखा उजेड लागला पाहिजे. कंटाळशील."

बुवा आता घराबाहेर पडत नाही. मी महिन्यातून एकदा रोह्याला जातो. तो पानं मोजायला लावतो, चहा मात्र अजून विचारत नाही.

रविवारी सकाळी मी आणि सून मिळून कुंडी फिरवतो. जड झालीय, एकट्याला हलत नाही. ती एका बाजूनं धरते, मी एका बाजूनं. भिंतीकडची फांदी खिडकीत येते, तिच्यावर आता सात पानं आहेत. सून म्हणते, "बस, बाबा, पुरे झालं."

मी म्हणतो, "अजून जरा सरकव गो."